खडकाळ वाटेवर रोबोट चालवायचा तर झुरळाकडे का बघावं लागतं?

चार पायांचा रोबोट बर्फातून चाललाय, बाजूनं कुणीतरी त्याला जोरात ढकलतंय आणि तो डगमगून परत सावरतोय, असे व्हिडिओ आता बहुतेकांनी पाहिलेत. ते बघून पडणारे प्रश्नही साधारण तेच असतात, की चाकं लावायची सोडून पाय कशाला, प्राण्यासारखाच का बनवायचा, आणि आता एआय आलंय तर प्राण्यांचा अभ्यास करत बसायची गरज काय. प्रश्न रास्त आहेत. आणि उत्तरं मला मनापासून आवडतात, कारण ती शोधत गेलं की कळतं की खडबडीत जमिनीवर चालणं हे नुसतं डोक्याचं काम नाहीये, त्यातलं बरंचसं काम अंग परस्पर करून टाकतं, डोक्याला विचारतही नाही.

अशा यंत्रांना जैवप्रेरित रोबोट म्हणतात. म्हणजे प्राण्याच्या शरीरात एखादी गोष्ट नेमकी कशामुळे जमते ते शोधायचं आणि तेवढंच तत्त्व उचलून यंत्रात घालायचं. दिसायला तो प्राण्यासारखा असलाच पाहिजे असं अजिबात नाही.

चाकांत वाईट काय आहे?

काहीच नाही, सपाट जमिनीवर चाकाला तोड नाही आणि कमी ऊर्जेत जास्त अंतर कापायचं तर आजही चाकच वापरावं. पण चाक एकटं काम करत नाही, त्याला सलग जमीन लागते. मधे खड्डा आला, मोठा दगड आला, पायऱ्या आल्या की चाक अडतं, साध्या चाकाला तर स्वतःच्या त्रिज्येपेक्षा उंच धोंडा चढणंही अवघड जातं. पायाचं तसं नाही, पायाला मधली जमीन कशी आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त पाऊल टेकवायला अधूनमधून एकेक जागा मिळाली की पुरे.

याचं सगळ्यात वाईट वाटायला लावणारं उदाहरण मंगळावरचं आहे. नासाची स्पिरिट ही सहा चाकांची गाडी, तिचं एक चाक आधीच बंद पडलेलं होतं आणि २००९ च्या मे महिन्यात ती वरून घट्ट दिसणाऱ्या पण आतून भुसभुशीत मातीत रुतली. पृथ्वीवर तशीच माती तयार करून, जुळी गाडी आणून, इंजिनियरांनी महिनोन् महिने सुटकेचे प्रयोग केले, पण शेवटी २०१० च्या जानेवारीत नासानं जाहीर केलं की स्पिरिट आता आहे तिथेच राहील. बाकीची उपकरणं चालू होती, नडली ती मुख्यतः चाकांखालची माती.

पट्ट्यावर चालणारी यंत्रं, म्हणजे रणगाड्यासारखी, बरीच पुढे जातात, पण रुंद फटी आणि विस्कळीत पडलेले मोठे दगड त्यांनाही जड जातात.

मग पाय लावले की झालं, नाही का?

लोकांना आधी तसंच वाटलं. सुरुवातीच्या पायवाल्या यंत्रांत पद्धत अशी होती की कमीत कमी तीन पाय कायम जमिनीवर ठेवायचे, वजन त्या तिघांच्या मधोमध राखायचं आणि मग पुढचा पाय उचलून हिशेब करून टेकवायचा. यानं यंत्र पडत नाही खरं, पण ते इतकं हळू चालतं की उपयोग शून्य, आणि टेकवलेला दगड सरकला की सगळा हिशेब चुकला. खरे प्राणी असं चालतच नाहीत. पळणारा प्राणी जवळजवळ सतत पडत असतो आणि पडता पडता पुढचं पाऊल टाकून सावरत असतो.

हे यंत्रात पहिल्यांदा नीट करून दाखवलं ते मार्क रेबर्ट यांनी, १९८० च्या दशकात, एकाच पायाच्या उड्या मारणाऱ्या यंत्रानं. एक पाय म्हणजे स्थिर उभं राहायचा प्रश्नच मिटला, उड्या मारत राहायचं नाहीतर पडायचं. आणि त्याला सांभाळायला नियम फक्त तीन होते. उडीची उंची किती ठेवायची, हवेत असताना पुढचं पाऊल कुठे टाकायचं आणि पाय जमिनीवर असताना धड सरळ कसं ठेवायचं. बस. याच रेबर्ट यांनी पुढे १९९२ मध्ये बोस्टन डायनॅमिक्स ही रोबोट बनवणारी कंपनी काढली. इतक्या अवघड दिसणाऱ्या गोष्टीला इतके थोडे नियम पुरतात हे तेव्हा फार कुणाला खरं वाटलं नसेल, पण ते पुरले, आणि का पुरले याचं उत्तर पायातल्या स्प्रिंगमध्ये आहे.

धावणं म्हणजे उसळणं

रबरी चेंडू जमिनीवर टाकला की तो परत वर येतो. किती जोरानं उसळायचं हे चेंडू ठरवत नाही, त्याच्या रबरात ते आपोआप होतं, दाबला गेला की ताकद साठते आणि सुटला की परत मिळते. पळणाऱ्या प्राण्याचा पाय हेच करतो. स्नायू आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे ताणले जातात, ऊर्जा धरून ठेवतात आणि पुढच्या क्षणी परत देतात. १९९३ मध्ये राइनहार्ड ब्लिकहान आणि रॉबर्ट फुल या दोघांनी वेगवेगळ्या प्राण्यांचं धावणं एकत्र मांडून दाखवलं, त्यात दोन पायांचे, चार पायांचे, सहा पायांचे आणि आठ पायांचेसुद्धा होते, आणि सगळ्यांच्या शरीराचा गुरुत्वमध्य जवळपास एकाच पद्धतीनं वरखाली होत होता, जणू प्रत्येकजण एकाच मोठ्या स्प्रिंगवर उसळतोय. खेकडा आणि माणूस इतके वेगळे, पण धावण्याचं गणित एकच! मला हा निष्कर्ष या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो, कारण त्याच्यामुळे इंजिनियराला मोकळीक मिळते, कुठल्याही एका प्राण्याची हुबेहूब नक्कल करायची गरज उरत नाही, उसळणं तेवढं जमलं पाहिजे.

झुरळ विचार तरी किती करतं?

आता मुख्य गोष्ट. रॉबर्ट फुल हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ, आयुष्यभर त्यांनी खेकडे, पाली, झुरळं कशी पळतात हेच पाहिलं. झुरळ वेगात पळताना त्याचे पाय सेकंदाला दहाच्या आसपास वेळा पुढेमागे होतात. म्हणजे एका पावलाला वेळ किती मिळतो बघा. पाय घसरला, ती खबर मज्जातंतूंतून वर गेली, तिथे निर्णय झाला, हुकूम खाली आला, स्नायूनं ताकद लावली, एवढं सगळं होईपर्यंत ते पाऊल संपूनही गेलेलं असतं.

तरी झुरळ पडत नाही. का, हे बघायला फुल आणि डेव्हिन जिंड्रिच यांनी एक विलक्षण प्रयोग केला, तो २००२ मध्ये छापून आला. झुरळाच्या पाठीवर त्यांनी एक छोटीशी तोफ बसवली आणि ते पळत असताना ती उडवली, म्हणजे झुरळाला बाजूनं जोरदार धक्का बसेल. झुरळ एका पावलाच्या आतच सावरायला लागलं, काही मिलिसेकंदांत, मज्जासंस्थेनं नीट विचार करून उत्तर द्यायला लागतो त्याहून कमी वेळात. मग २००८ मध्ये सायमन स्पॉन्बर्ग आणि फुल यांनी झुरळांना अशा खडबडीत पृष्ठभागावर पळवलं जिथे काही उंचवटे त्यांच्या कमरेच्या तिप्पट उंच होते, आणि पायातल्या एका महत्त्वाच्या स्नायूला बारीक तारा लावून त्याच्यापर्यंत काय संदेश येतो ते मोजलं. अपेक्षा अशी असेल की अवघड जमिनीवर संदेश सारखे बदलत असणार. पण तसं झालं नाही, सपाट जमिनीवर जो संदेश जात होता जवळपास तोच खडबडीतवरही जात राहिला.

म्हणजे प्रत्येक दगडाचा वेगळा विचार झुरळ करतच नव्हतं. पाय बाहेरच्या बाजूला पसरलेले, धड जमिनीलगत, पाय लवचिक, त्यामुळे धक्का बसला की शरीराची रचनाच त्याला परत मार्गावर ढकलते.

मेंदूचं काही कामच नाही असा याचा अर्थ होत नाही, कुठे जायचं, कधी वळायचं, कधी थांबायचं हे तोच ठरवतो. हळू चालताना आणि खूप अवघड जागी मज्जासंस्थेचा हात वाढतो. पण वेग वाढला की शरीरावर विसंबून राहण्यावाचून पर्याय नसतो.

सहा मोटरी आणि डोळे नाहीत

हे तत्त्व यंत्रात उतरलं त्याचं नाव रेक्स. अमेरिकेतली आणि कॅनडातली काही विद्यापीठं मिळून हा प्रकल्प चालला, डॅनियल कोडिचेक आणि मार्टिन ब्यूलर हे त्यातले मुख्य इंजिनियर, फुल जीवशास्त्राच्या बाजूनं, आणि २००१ मध्ये त्यावरचा गाजलेला शोधनिबंध आला. यंत्र साधारण ७ किलोचं, पाय सहा, आणि प्रत्येक पायाला फक्त एकच मोटर. गुडघा नाही, घोटा नाही, पाय फक्त कमरेपाशी गोल फिरतो. पुढच्या आवृत्त्यांत हे पाय अर्धवर्तुळाकार लवचिक पट्ट्या झाले. तीन पाय एका वेळी जमिनीवर, मग दुसरे तीन, झुरळ अगदी असंच पळतं.

आणि त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. समोर दगड आहे की खड्डा याची माहिती न घेता तो नुसत्या ठरलेल्या तालावर पाय फिरवत राहायचा आणि तरीही स्वतःच्या धडाखालच्या जागेपेक्षा उंच अडथळ्यांवरून जायचा, कारण अर्धवर्तुळाचा कुठलाही भाग कशालाही टेकला तरी चालतो आणि लवचिक पट्टी धक्का गिळते. ज्या काळात बाकीचे पायवाले रोबोट प्रयोगशाळेच्या सपाट फरशीवरही जपून पाऊल टाकत होते त्या काळात हा गवतातून, दगडधोंड्यांतून पळत होता. दिसायला तो झुरळासारखा मुळीच नाही, आणि तरी माझ्या मते झुरळाकडून इतकं नेमकं शिकलेला दुसरा रोबोट क्वचितच असेल.

जमिनीचा स्वभाव

इथपर्यंत आपण असं धरून चाललोय की जमीन वेडीवाकडी असली तरी घट्ट आहे. वाळू आली की गोष्ट बदलते, कारण वाळू दाबली तर घट्ट होते आणि ढवळली तर पाण्यासारखी वाहते. जॉर्जिया टेकचे डॅनियल गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेक्सचाच एक लहान भाऊ, सँडबॉट, दाणेदार पृष्ठभागावर चालवून पाहिला. प्रयोगात वाळूऐवजी खसखस वापरली होती, आणि खालून हवा सोडून ती प्रत्येक वेळी सारखी सैल किंवा घट्ट करून घेतली होती. २००९ मध्ये आलेले निष्कर्ष असे, की पाय बेताच्या वेगानं फिरले तर प्रत्येक पावलाखालचे दाणे घट्ट बसतात आणि रोबोट चक्क चालतो. वेग थोडा जरी जास्त वाढवला तरी नवं पाऊल आधीच्या पावलानं ढवळलेल्या दाण्यांत पडतं, तिथे आधार मिळत नाही, आणि रोबोट एकदम जागच्या जागी पोहल्यासारखा करायला लागतो. वेग हळूहळू कमी होत जात नाही, तो कोसळतोच. उपाय मात्र साधा निघाला, पाय कुठल्या भागात हळू फिरवायचा आणि कुठे भरकन न्यायचा एवढंच बदललं की गाडी परत चालू.

वाळूच्या उतारावर सापाचीही अशीच गोष्ट आहे. वाळवंटातला साइडवाइंडर साप बाजूबाजूनं वर चढतो. २०१४ मध्ये हमीद मारवी, गोल्डमन, हॉवी चोसेट आणि इतरांनी दाखवलं की उतार जितका तीव्र तितका हा साप अंगाचा जास्त भाग वाळूला टेकवतो, म्हणजे वजन पसरतं आणि वाळू घसरत नाही. हाच नियम चोसेट यांच्या सापासारख्या रोबोटला शिकवला आणि आधी ज्या उतारांवर तो हरत होता ते तो चढायला लागला.

मग आता एआय आहे ना, स्प्रिंगा कशाला?

हा सगळ्यात तगडा आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी उडी शिकणाऱ्या सॉफ्टवेअरमुळेच आलीय. पद्धत अशी, की संगणकात खोटी जमीन आणि खोटा रोबोट बनवायचा, त्याला चालायचा प्रयत्न करू द्यायचा, जमलं तर गुण द्यायचे, पडला तर कापायचे, आणि जमिनीचा निसरडेपणा, रोबोटचं वजन वगैरे सारखं बदलत राहायचं म्हणजे तो एकाच परिस्थितीला सोकावत नाही. २०२१ मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी असे हजारो रोबोट एकाच ग्राफिक्स कार्डवर एकाच वेळी शिकवले आणि खडबडीत जमिनीवर चालायचं शिक्षण २० मिनिटांत उरकलं.

याच गटाचा अ‍ॅनीमल नावाचा चार पायांचा रोबोट २०२० मध्ये कॅमेऱ्याशिवाय, फक्त स्वतःच्या सांध्यांची आणि तोलाची जाणीव वापरून, चिखल, बर्फ, झुडपं, वाहतं पाणी यांतून गेला. मग त्याला डोळे दिले, आणि २०२२ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात तो स्वित्झर्लंडमधल्या एट्झेल डोंगरावर १२० मीटरची चढण ३१ मिनिटांत न पडता चढला. माणसांसाठी या वाटेला ३५ मिनिटं धरलेली आहेत!

पण यातली खरी हुशारी वेगात नाहीये. कॅमेरा फसतो. उंच गवत त्याला भिंत वाटतं आणि ताजा बर्फ त्याला घट्ट जमीन वाटते. म्हणून या रोबोटला हेही शिकवलं की डोळे एक सांगतायत आणि पाय दुसरंच सांगतायत तेव्हा पायावर विश्वास ठेवायचा. तुम्ही आम्ही अंधारात किंवा पाण्यात चालताना हेच करतो.

आणि शरीराचं महत्त्व यात संपलेलं नाही. याच रोबोटच्या सांध्यांत खऱ्या स्प्रिंगा आहेत. एमआयटीमध्ये सांगबे किम यांच्या गटानं चीता नावाचे रोबोट बनवले, त्यांनी दुसरा मार्ग घेतला, मोटरीला गिअर फार कमी ठेवायचे म्हणजे जमिनीचा धक्का उलट मोटरीपर्यंत पोहोचतो आणि मोटर स्वतःच स्प्रिंगसारखी वागू शकते. २०१८ मध्ये त्यांचा चीता ३ न बघता जिने चढला. पाय कडक, गिअर जाडजूड आणि वजन चुकीच्या जागी असलं तर वरचं सॉफ्टवेअर कितीही शिकलेलं असू दे, पहिल्या धक्क्यालाच गिअरचे दात तुटतात. चांगलं शरीर असलं की शिकायलाच कमी उरतं, माझं मत तरी असं आहे.

कुत्र्यासारखाच का, आणि पाय आणि चाक दोन्ही का नाही?

चार पाय हा मधला मार्ग आहे. दोन पायांवर तोल राखायला फार कष्ट पडतात, सहा पायांना मोटरी आणि वजन वाढतं. बाकी कुत्र्याशी असलेलं साम्य बरंचसं आपल्या डोळ्यांत असतं.

आणि दोन्ही एकत्र करतातच की. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात रॉजर क्विन यांनी तीन आऱ्यांची, रिम नसलेली चाकंच पायासारखी वापरली. २०१५ च्या, डार्पा या अमेरिकी संस्थेच्या रोबोट स्पर्धेत, जिथे माणसासारखे रोबोट दार उघडताना धडाधड पडत होते, तिथे जिंकलेला दक्षिण कोरियाचा ह्यूबो गुडघ्यांवर बसून चाकांवर घरंगळत जात होता. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे पटत नाही, पण काम झालं ना!

ढिगाऱ्यात घुसायचं तर?

इथे चालण्याइतकंच चेपलं जाणं महत्त्वाचं. कौशिक जयराम आणि फुल यांनी २०१६ मध्ये दाखवलं की झुरळ फक्त ३ मिलिमीटर उंचीच्या फटीतून जातं आणि स्वतःच्या वजनाच्या सुमारे ९०० पट दाब इजा न होता सोसतं. त्यावरून त्यांनी तळहाताएवढा एक रोबोट बनवला जो अर्ध्या उंचीला चेपला गेला तरी चालत राहतो. सापासारखा रोबोट तर प्रत्यक्ष आपत्तीत गेलाय, २०१७ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपानंतर चोसेट यांच्या गटानं तो पडलेल्या इमारतीत सोडला होता. आतलं दृश्य त्यानं दाखवलं, पण जिवंत कुणी सापडलं नाही. एका प्रयत्नावरून तंत्रज्ञान यशस्वी की अयशस्वी ठरवू नये असं मला वाटतं, पण हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर असे लेख वाचून माणसाला वाटतं की सगळं तयारच आहे.

हे सगळं सैन्यासाठीच चाललंय ना?

पैसा बराचसा तिथूनच आला, हे लपवण्यात अर्थ नाही. रेक्स आणि बोस्टन डायनॅमिक्सचा २००५ चा चार पायांचा बिगडॉग, दोन्हींमागे अमेरिकेच्या संरक्षण खात्याची डार्पा ही संस्था होती. बिगडॉगचा थोरला भाऊ सैनिकांचं सामान वाहायला बनवला, आणि २०१५ मध्ये तो बाजूला ठेवला गेला कारण त्याचं इंजिन इतका आवाज करायचं की सैनिकांची जागा उघडी पडली असती. २०२२ मध्ये बोस्टन डायनॅमिक्स आणि आणखी पाच कंपन्यांनी जाहीर पत्र काढून सांगितलं की आम्ही आमच्या सर्वसाधारण वापराच्या रोबोटांवर शस्त्रं बसवणार नाही. चांगलं केलं. पण पत्र म्हणजे कायदा नव्हे आणि जगातल्या सगळ्या कंपन्यांनी त्यावर सही केलेली नाही, त्यामुळे ही काळजी ज्यांना वाटते त्यांची काळजी खरी आहे आणि ती सरकारांपर्यंत गेलीच पाहिजे.

घोडं अडलंय ते बॅटरीपाशी

आजचे चार पायांचे रोबोट साधारण दीडदोन तास चालतात आणि मग चार्जिंग. प्राण्यांचे पाय याहून खूप काटकसरी असतात. मोटरीवर उभं राहायचं तरी वीज लागते, कारण वजन धरून ठेवायला मोटर सतत ताकद लावत असते.

यावर एक वाट पक्ष्यांकडून मिळालीय. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या अलेक्झांडर बद्री-श्प्रोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये बर्डबॉट नावाचा दोन पायांचा रोबोट दाखवला, त्यात इमूसारख्या पळणाऱ्या पक्ष्यांच्या पायाची रचना घेतलीय. अनेक सांध्यांवरून एकच लांब कंडरा जातो, पाऊल टेकलं की तो ताणला जाऊन पाय आपोआप घट्ट होतो आणि पाऊल मागे जाऊन उचललं गेलं की आपोआप सैल पडतो. पाय दुमडायला गुडघ्याची एक लहान मोटर पुरते, वजन धरायला वीज नको. हे सगळं अजून हलक्या यंत्रावर, प्रयोगशाळेत, ट्रेडमिलवर झालंय, खडकांवर वजन घेऊन चालणाऱ्या रोबोटात असा पाय बसवायचं काम पुढे आहे.